जबलपूर-रायपूरचा कारभार जिथून चालायचा, ते नागपूर 'उपराजधानी' कसं झालं?

डिसेंबर आला की नागपूरचा नूर पालटतो. मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे धावू लागतात, रविभवन गजबजतं, विधानभवनावर रोज मोर्चे धडकतात. दोन-तीन आठवड्यांत अधिवेशन आटोपतं आणि सरकार मुंबईला परत जातं.

पण सरकार दरवर्षी इथे येतंच का? कारण नागपूर कधीकाळी खरोखरची राजधानी होतं, तीही आजच्या तीन राज्यांत पसरलेल्या मुलखाची.

गोंड राजा, भोसले आणि मग इंग्रज

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठी हे शहर वसवलं. पुढे रघुजी भोसल्यांनी इथे गादी आणली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. औरस वारस नाही, हे कारण देऊन डलहौसीने राज्य खालसा केलं.

१८६१ मध्ये इंग्रजांनी 'मध्य प्रांत' बनवला. त्यात जबलपूर आणि सागर होतं, छत्तीसगड होतं आणि राजधानी होती नागपूर. निजामाकडून घेतलेला वऱ्हाड १९०३ मध्ये याच प्रांताला जोडला गेला. नागपूरला १९२३ मध्ये विद्यापीठ मिळालं, १९३६ मध्ये स्वतंत्र हायकोर्टही.

नागपूरची मराठी सहज हिंदीत का शिरते, याचं एक उत्तर इथे आहे. हिंदी आणि मराठी भागांचा कारभार जवळपास शंभर वर्षं याच शहरातून चालला.

१ नोव्हेंबर १९५६ : राजधानी गेली

स्वातंत्र्यानंतर याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूरच राहिली आणि मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. मग भाषावार राज्यांची चर्चा सुरू झाली. मराठी जिल्ह्यांनी महाराष्ट्रात जायचं की वेगळं राज्य मागायचं, यावरून विदर्भातच दोन तट पडले. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी हे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते.

संयुक्त महाराष्ट्र हवा असलेल्या नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार केला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासोबत विदर्भातल्या नेत्यांच्याही त्यावर सह्या आहेत. नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ, सरकारने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवणं आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घेणं, अशी आश्वासनं त्यात होती.

गंमत म्हणजे फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा, अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नागपूर राजधानी होतं. त्यानंतर अठरा दिवसांनी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षीपासून नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं.

मग दुखणं कशाचं?

नागपूर करार हा कायदा नाही, राजकीय शब्द आहे. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली.

कायद्याचा आधार आहे तो राज्यघटनेच्या कलम ३७१(२) चा. निधीचं न्याय्य वाटप व्हावं म्हणून विकास मंडळं नेमण्याची आणि त्याबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची सोय त्यात आहे. ही मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

मधल्या काळात १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शाळा, वीज यांत कोण किती मागे आहे ते मोजलं. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून घरोघरी गेला. वेगळ्या राज्याचे समर्थक याच अनुशेषाकडे बोट दाखवतात. विरोधक म्हणतात, मुंबईच्या महसुलाचा आधार सुटला तर विदर्भाचंच नुकसान होईल.

वेगळं राज्य करायचं तर ठरवणार कोण?

अमेरिकेत एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं असेल, तर काँग्रेससोबत त्या राज्याच्या विधिमंडळाचीही संमती लागते. आपल्याकडे कलम ३ नुसार निर्णय संसदेचा असतो. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी त्याच वर्षी २ जूनला तेलंगणा झालं.

म्हणजे विदर्भाची फाईल मुंबईत नाही, तर दिल्लीत अडकते. ज्या छत्तीसगडचा कारभार नागपुरातून चालायचा, ते १ नोव्हेंबर २००० ला स्वतंत्र राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. आज विदर्भात ११ जिल्हे, ६२ आमदार आणि १० खासदार आहेत. कलम ३ च्या हिशोबाने बघितलं, तर त्या ६२ जणांपेक्षा या १० जणांनी काय भूमिका घेतली हे जास्त महत्त्वाचं ठरतं.