न दाबलेली कळ

मुलांनो, संगणकाच्या कळफलकावरील कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. पण कळ अक्षर पाठवत नाही. ती फक्त एक क्रमांक पाठवते. त्याचे अक्षर संगणक ठरवतो. म्हणून इंग्रजी 'के'ची कळ मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'क' देते आणि उर्दूच्या उच्चारानुसार केलेल्या मांडणीत 'काफ'!

कळ बोटाने दाबली की एखाद्या प्रोग्रामने, हे लिहून घेणाऱ्या प्रोग्रामला सहसा समजत नाही. समजा, मेहकर तालुक्यातील जानेफळ येथे एका मुलीचे हात चालत नाहीत. ती डोके हलवून पडद्यावरच्या कळफलकातील अक्षर निवडते. तो कळफलक कळ दाबल्याचा संदेश पाठवतो. असा तिचा निबंध तिच्याच शब्दांत तयार होतो.

मात्र हीच युक्ती लबाड प्रोग्रामही वापरू शकतो. म्हणून मॅकओएस आधी वापरणाऱ्याची परवानगी मागते. विंडोजमध्ये साधा प्रोग्राम अधिक अधिकार असलेल्या प्रोग्रामला अशा कळा पाठवू शकत नाही. लिनक्सवरील १९८७ सालची एक्स-११ पद्धत भोळी होती. ती फारशी चौकशीच करत नसे. २००८ साली सुरू झालेल्या वेलँडने ती वाट बंद केली. त्यामुळे अपंगांची काही साधनेही अडली. त्यांच्यासाठी तेथे आता परवानगी घेऊन कळा पाठवण्याची सोय केली जात आहे.