नानांची पेटी आणि मुंबईची संग्रहालये

मुंबईला जायचे म्हटले की आमच्या घरात वर्षानुवर्षे एकच कार्यक्रम ठरलेला असतो. क्रॉफर्ड मार्केट, महंमद अली रोडवर कपड्यांची खरेदी, नातेवाइकांकडे जेवण, वेळ उरला तर हाजी अली आणि रात्र व्हायच्या आत परत करंजाला. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचेही तसेच. सहावीत एकदा मी सहज विचारले, ‘मुंबईतले वस्तुसंग्रहालय कोणी कोणी पाहिले आहे?’ तीन हात वर झाले. राणीच्या बागेतले पेंग्विन मात्र निम्म्या वर्गाने पाहिले होते. त्या पेंग्विनपासून जवळच आपल्या उरण तालुक्यातून गेलेला एक हत्ती उभा आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

खरे सांगायचे तर मीही तो फक्त पुस्तकात वाचला होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ठरवले की या वेळी खरेदी नाही. मी, माझे मिस्टर, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा असे चौघे मोऱ्याहून लाँचने निघालो. आता अटल सेतू झाला आहे, उरणपर्यंत लोकलही येते. दोन्हींचे उद्‌घाटन एकाच दिवशी, १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. पण मुंबईचा इतिहास पाहायचा तर समुद्रातूनच जावे, असे मला वाटते. आपले आजे-पणजे तसेच गेले.

लाँच धक्क्यापासून सुटली की समोर घारापुरीचे बेट दिसते. मुलाला विचारले, ‘सालबाईचा तह कधी झाला?’ ‘१७८२’, त्याने तोंडपाठ उत्तर दिले. त्या तहात साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडे राहिली, हे सांगितल्यावर तो चमकला. ‘करंजा म्हणजे आपले करंजा?’ होय, आपलेच. तेव्हा ते बेट होते. मी वीस वर्षे हा तह शिकवते आहे. त्यात आमच्या गावाचे नाव आहे हे मात्र वर्गात एकदाही सांगितले नव्हते. पुस्तकात नव्हते, म्हणून सांगितले नाही. शिक्षकाची ही जुनी सवय.

भाऊच्या धक्क्यावर उतरून टॅक्सीने भायखळ्याला गेलो. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे. (बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, हे निघण्याआधी लक्षात ठेवावे.) १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. ते उभे राहावे म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या डॉ. भाऊ दाजींचे नाव १९७५ मध्ये त्याला मिळाले. इमारतीच्या बाहेरच आमचा हत्ती उभा आहे. काळ्या दगडाचा, मोठा, अंगावर जागोजागी सांधल्याच्या खुणा. पोर्तुगिजांनी ज्याला पाहून घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले तो हाच. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे करण्यात आले. फुटला म्हणून वाचला! धड राहिला असता तर आज लंडनमध्ये तिकीट काढून पाहावा लागला असता.

आत गेल्यावर मुले सर्वांत जास्त वेळ रेंगाळली ती मातीच्या लहान पुतळ्यांपाशी. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे लोक, त्यांच्या पगड्या, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. मुलगी एकेक कपाट वाचत गेली आणि शेवटी म्हणाली, ‘अम्मी, यात आपण कोणते?’ प्रश्न साधा होता. मी म्हटले, ‘चल, ते बघायला दुसरीकडे जाऊ.’

दुसरीकडे म्हणजे शेख मेमन स्ट्रीटवरची जामा मशीद. खरेदीसाठी आम्ही तिच्यासमोरून शेकडो वेळा गेलो असू. ही मशीद एका जुन्या तलावावर बांधलेली आहे. काम १७७५ च्या सुमारास सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. तलाव बुजवला नाही. त्याच्या पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी उभारल्या आणि त्यांच्यावर मशिदीचा भार घेतला. आजही तेच पाणी वुजूसाठी आहे. पुढे रोघे घराण्यातल्या मोहम्मद अलींनी तिचा वरचा मजला बांधून घेतला. हे कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक, चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार.

मिस्टर आणि मुलगा जोहरच्या नमाजाला आत गेले आणि मासे पोहत असलेल्या हौजावर वुजू करून आले. तोवर मी आणि मुलगी समोरच्या दुकानाच्या पायरीवर वही काढून बसलो. पूर्वी इमारत पुरी झाली की तिचे वर्ष आकड्यात न लिहिता शब्दांत गुंफत. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत असते, तिला अब्जद म्हणतात. या मशिदीचे वर्ष ‘जहाज-ए-आखिरत’ या शब्दांत आहे. मुलीने मांडले: जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७, म्हणजे ‘जहाज’चे १६. मग अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००, म्हणजे ‘आखिरत’चे १२०१. बेरीज १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी सन १८०२. तिने दोनदा बेरीज करून पाहिली. पाण्यावर उभी असलेली मशीद, म्हणून तिला जहाज म्हटले. आणि हे नाव ज्यांना सुचले ते दर्यावर्दी लोकांतच वावरणारे असणार. ‘यात आपण कोणते’ या प्रश्नाचे उत्तर काचेच्या कपाटात नव्हते, पण भर बाजारात होते.

तिथून चालत मस्जिद बंदरकडे गेलो तर आणखी एक गंमत. मस्जिद स्टेशनाचे नाव जामा मशिदीवरून पडले असावे, असे आपल्याला वाटते. पण ते जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या ज्यू प्रार्थनास्थळावरून, ‘शार हरहमीम’वरून पडले असे सांगितले जाते. १७९६ मध्ये ते बांधणारे सॅम्युअल दिवेकर हे आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली. त्यांच्यात अशी कथा चालत आली आहे की, दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेत होते. हे बनी इस्राईल आहेत, यांचा उल्लेख कुरआनात आहे, असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्यांना सोडवले. सुटून आल्यावर त्यांनी शुक्राना म्हणून हे प्रार्थनास्थळ बांधले. कथा आहे, पण मशिदीपासून काही मिनिटांच्या अंतरावर ती मुलांना सांगता आली, याचे समाधान वाटले.

महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो, या वेळी जाणकार माणसाबरोबर होणाऱ्या वारसा फेरीसाठी. अशा फेऱ्या आता मुंबईत बऱ्याच होतात. ‘खाकी टूर्स’सारख्या संस्था वर्षभर चालवतात, महापालिका मुख्यालयाची इमारतही २०२१ पासून शनिवार-रविवारी आतून दाखवली जाते. आम्ही ज्या फेरीत होतो तिचे मार्गदर्शक अभ्यासू होते. कोणता दगड कुर्ल्याचा, कोणता मालाडचा, कमानीवर कोणता प्राणी कोरला आहे, सगळे त्यांच्या जिभेवर. पण सीएसएमटीच्या समोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत आली, तेव्हा ‘ही एक मुस्लिम शाळा’ एवढे म्हणून ते पुढे गेले. मला राहवले नाही. मी मागे थांबून आमच्या गटातल्या चार-पाच जणांना सांगितले की, १८७४ मध्ये कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे तैयबजी बंधू, गुलाम मोहम्मद मुन्शी आणि नाखुदा मोहम्मद अली रोघे यांनी ही संस्था काढली. बद्रुद्दीन तैयबजी पुढे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष झाले. ही इमारत १८९३ ची. आणि आत करीमी लायब्ररी आहे, तिथे जुनी उर्दू-फारसी पुस्तके आजही वाचायला मिळतात. फेरी संपल्यावर ते गृहस्थ स्वतः आले आणि ‘नाखुदा’ म्हणजे काय ते त्यांनी वहीत लिहून घेतले. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगणार कोण? ज्यांचे आजोबा नाखुदा, सारंग, खलाशी होते, त्यांनीच ना?

त्याच दिवशी दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले. ते खूप मोठे आहे, एका दिवसात होत नाही. मुलाला अकबराची ढाल आणि चिलखत आवडले. मला इमारतीचा घुमट, ज्यात विजापूरच्या गोलघुमटाची आठवण आहे. शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. या संग्रहालयाची एक बस आहे, ‘म्युझियम ऑन व्हील्स’. २०१५ पासून ती वस्तू घेऊन शाळाशाळांत आणि गावोगावी फिरते. मुख्याध्यापकांनी पत्रव्यवहार करून पाहायला हरकत नाही.

घरी परतताना लाँचवर मुलाने विचारले, ‘अम्मी, आपल्या घरी जुने काय आहे?’

माझे नाना जहाजावर खलाशी होते. त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्यांनी नानीला अदनहून, बसऱ्याहून लिहिलेली उर्दू पत्रे होती, हिशेबाची वही होती, कोणाला किती उसने दिले त्याची टिपणे होती. नाना वारले तेव्हा मी बीएडला होते. घर आवरताना मामूंनी कुरआनच्या जीर्ण प्रती एका कापडात बांधल्या आणि पेटीतले सगळे कागदही त्यातच घातले. अक्षरे तशीच दिसतात, पायाखाली येऊन बेअदबी नको, म्हणून. गाठोडे होडीने खाडीत नेऊन ठंडे केले. भावना निर्मळ होती, मामूंना मी दोष देत नाही. पण मला उर्दू वाचता येत होते. मी दारात उभी होते. ‘थांबा, त्यात पत्रे आहेत’ एवढे म्हणायला किती वेळ लागला असता? मी गप्प राहिले. मागे उरली ती फक्त नानांची नली, म्हणजे खलाशाचा जहाजी दाखला. इंग्रजीत होती, म्हणून उरली.

हे फक्त आमच्याकडे झाले असे नाही. कोकणातल्या किती घरांत असेच झाले असेल! संग्रहालयात आपण दिसत नाही अशी तक्रार आपण करतो. आपले कागद मात्र आपल्याच हातांनी समुद्राला देतो. म्हणून विनंती आहे. गाठोडे बांधण्याआधी उर्दू वाचणाऱ्या कोणाला तरी घरी बोलवा. कुरआनची पाने, हदीस, दुआ वेगळ्या काढा, त्या अदबीने ठंड्या करा. पत्रे, हिशेब, निकाहनामे, जहाजाचे आणि हजचे कागद ठेवा. त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे लिहा, ओळखणारी माणसे आहेत तोवरच.

गेल्या महिन्यात शाळेत आम्ही मुलांच्या घरातल्या जुन्या वस्तू मांडल्या. पानदान, सुरमादाणी, तांब्याचा बधना, आणि झाळून बंद केलेला झमझमचा पत्र्याचा डबा, जहाजाच्या हजचा. मुंबईहून जहाजाने हजला जाणे १९९५ पासून बंद झाले. मुलांना तो डबा कसला, हेच कळेना. त्यांना साबू सिद्दीक मुसाफिरखाना, मोगल लाइनची जहाजे, अनेक दिवसांचा प्रवास, सगळे सांगावे लागले.

प्रदर्शन संपता संपता एका विद्यार्थिनीची दादी आली. हातात कापडाचे गाठोडे. ‘बाय, उद्या हे ठंडे करायला द्यायचे आहे. पोरगी म्हणाली, आधी टीचरना दाखव.’ आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो. वरती पारे होते, खाली सात पत्रे. तिच्या मरहूम शोहरांनी जहाजावरून आपल्या वालिदांना लिहिलेली. मी पहिले वाचू लागले. खैरियत, पगार किती पाठवला, घराच्या मागची भिंत पावसाआधी बांधून घ्या, सगळ्यांना सलाम. सलामाच्या यादीत सर्वांत शेवटी एक नाव होते. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचे नाव त्या काळी सहसा येत नसे.

‘काय वाचलेस?’ दादीने विचारले.

मी तिचे नाव पुन्हा वाचले. तिने गाठोड्यातून सातही पत्रे बाजूला काढली आणि पारे तेवढे परत बांधले.