जुनी मालमोटार पुन्हा चालू करताना

मालमोटार म्हणजे ट्रक. आता सगळे ट्रकच म्हणतात. आपणही ट्रकच म्हणू.

ट्रक आपल्याला नवा नाही. कोणी ट्रकवर हमाली केली असेल. कोणी क्लीनर म्हणून फिरला असेल. आपल्या भागातली मिरची आणि नागपूरची संत्री ट्रकात भरूनच दूरदूर जातात. ट्रक म्हटला की धंदा, हेच आपल्याला ठाऊक. पण भंगारात निघालेला जुना ट्रक केवळ हौसेखातर दुरुस्त करायचा, आणि माल न भरता चालवायचा, असे करणारेही लोक आहेत. हे सांगितले तेव्हा आमच्या वर्गातले एक म्हातारबुवा म्हणाले, "गुरुजी, रिकामा ट्रक फिरवायचा? डिझेल काय फुकट भेटते?"

डिझेल फुकट नाही, हे खरे. मग लोक हे का करतात?

आपल्या कुहीवरून नागपूर ते नागभीड अशी छोटी आगगाडी धावत असे. रूळ रुंद करायचे म्हणून ती २०१९ साली बंद झाली. त्या गाडीत बसून आपण बाजार केला, कचेऱ्या केल्या. नातवाला ती गाडी दाखवायची तर कुठे दाखवणार? नागपूरला मोतीबागेत रेल्वेचे संग्रहालय आहे. छोट्या रुळांवरची जुनी इंजिने तिथे जपून ठेवली आहेत. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराने १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. म्हणजे अवजड यंत्रेही लोक जपतात. पण संग्रहालयातली गाडी जागेवर उभी असते. हौशी माणसाला ती चालती पाहिजे. तिचा आवाज ऐकायचा असतो. इंग्लंडात अशा हौशी लोकांनी १९५८ साली आपली संस्थाच काढली. १९६२ साली त्यांनी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटन गावापर्यंत जुने ट्रक आणि बसगाड्या चालवत नेल्या. पुढे तो रिवाजच पडला.

आपल्याकडचे जुने ट्रक कोणते, तेही पाहू. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर नावाची मोटार कंपनी काढली. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो हे ट्रक तयार होऊ लागले. पुढे १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. माझ्या लहानपणी या ट्रकाच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे. आम्ही पोरे त्याला चांदणीवाला ट्रक म्हणत असू. १९६९ साली करार संपला आणि चांदणी गेली. तिच्या जागी टाटांचे 'टी' अक्षर आले.

ट्रकावरच्या आकड्यांनाही अर्थ असतो. तुम्ही आता आकडे वाचता, म्हणून सांगतो. १२१० हा टाटांचा फार चाललेला ट्रक. त्यातले १२ म्हणजे भरल्या गाडीचे वजन सुमारे १२ टन. १० म्हणजे दहा दाहे शंभर, म्हणजे सुमारे १०० घोड्यांची ताकद. इंजिनावर ६९२ लिहिलेले असेल तर ६ म्हणजे सहा सिलिंडर, आणि ९२ म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या भोकाची रुंदी ९२ मिलिमीटर. पुढे ६९७ आले. त्याचे भोक ९७ मिलिमीटर.

आमच्या वर्गाला एक जुने ड्रायव्हर येतात. त्यांच्या शेतात निंबाखाली असाच एक ट्रक कैक वर्षे उभा होता. हौद्यात गवत वाढले होते. एक दिवस ते म्हणाले, "गुरुजी, बॅटरी आणतो न सेल्फ मारून पाहतो. लागला तर लागला." मी शाळामास्तर. हातात खडू धरला, पाना धरला नाही. मी म्हटले, "भाऊ, आधी मिस्त्रीला विचारू." मिस्त्री आले आणि पहिले वाक्य हेच बोलले, "सेल्फला हात लावू नका." पुढचे पुष्कळसे मी त्यांच्याजवळ उभा राहून शिकलो.

सेल्फ का मारायचा नाही? इंजिन वर्षानुवर्षे उभे राहिले की सिलिंडरला आतून गंज धरतो. पिस्टनच्या रिंगा चिकटतात. त्यात जोराने फिरवले तर रिंग तुटते आणि सिलिंडर खरवडला जातो. हजाराचे काम लाखावर जाते. म्हणून आधी नोझल काढायचे. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे. ते काही दिवस मुरू द्यायचे. मग मोठा पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू फिरवायचे. अडले तर जोर करायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणे. सारे जुने तेल काढून नवे भरायचे. डिझेलची टाकी उतरवून धुवायची, कारण तिच्यात पाणी, गंज आणि गाळ साचलेला असतो. फिल्टर नवे घालायचे. मग नळ्यांतली हवा काढायची. हे काम तुम्हाला शिकवायला नको. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली की आपण नट सैल करून डिझेल येईपर्यंत हातपंप मारतो. इथेही तेच.

जुन्या टाटा-मर्सिडीज इंजिनात हीटर प्लग असतात. सुरू करण्याआधी ते तापू द्यावे लागतात. थंडीत घाई केली की नुसता पांढरा धूर निघतो.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. पुष्कळ वर्षांनी सुरू झालेले डिझेल इंजिन कधी कधी बंदच होत नाही. डिझेल पंपातला दांडा गंजून अडकलेला असतो. इंजिन आपोआप वेग घेत जाते आणि शेवटी फुटते. अशा वेळी त्याची हवा तोडावी लागते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवा घेण्याच्या तोंडाजवळ एक माणूस जाड फळी घेऊन उभा पाहिजे. वेग वाढू लागला की फळी तोंडावर घट्ट दाबायची. हात लावायचा नाही, कापडही नाही. इंजिन ते ओढून घेते.

इंजिन लागले की सगळ्यांना आनंद होतो. पेढे वाटतात. लगेच रंग, मग हॉर्न, मग फोटो. मला हा क्रम मुळीच पसंत नाही. चालणारा ट्रक म्हणजे कित्येक टन लोखंड. ते थांबेल कसे, हे आधी पाहिले पाहिजे. निंबाखालच्या ट्रकाचे इंजिन लागल्यावरही मिस्त्रींनी तो महिनाभर जागचा हलू दिला नाही. ड्रायव्हरभाऊ रुसले. पण मिस्त्री ब्रेकच खोलत बसले.

तेलाचा ब्रेक कसा चालतो? पायाने पेडल दाबले की नळीतले तेल पुढे ढकलले जाते. ते तेल चाकाजवळच्या लहान पिस्टनला ढकलते. पिस्टन लायनरला ड्रमवर दाबतो. चाक थांबते. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र फुग्यासारखी दबते. नळीत हवा शिरली तर पेडल खाली जाते, आणि चाक फिरतच राहते. जुन्या ट्रकात आतले रबरी वायसर कडक झालेले असतात. नळ्या आतून कुजलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून रबर सगळे नवे घालायचे. ब्रेकच्या टाकीत ब्रेकचेच तेल घालायचे. इंजिनाचे तेल घातले तर रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. ब्रेक हवेचा असेल तर टाकीत साचलेले पाणी सोडायचे, आणि हवा कुठे सुटते का ते पाहायचे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत बसते, आणि रोग पुष्कळ वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्याने पुसा.

टायरचे तसेच. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला, असे नाही. उभ्या उभ्या रबर म्हातारे होते. कडेला भेगा पडतात. असा टायर रस्त्यावर फुटतो. त्याहून मोठे भय चाकाच्या रिंगेचे. जुन्या ट्रकाच्या चाकावर टायर अडकवायला लोखंडी रिंग असते. ती गंजली असेल किंवा खाचेत नीट बसली नसेल, तर हवा भरताना सुटते आणि तोफेच्या गोळ्यासारखी उडते. यात माणसे मेली आहेत. चाक खोलण्याआधी हवा पूर्ण सोडा. भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. समोर उभे राहू नका, वाकून पाहू नका. जिथे पिंजरा नाही तिथे हे काम करून घेऊ नका.

बाकीचे काम कष्टाचे, पण भीतीचे नाही. पाटे उतरवून तुटका पाटा बदलायचा. स्टिअरिंगचा ढिलेपणा काढायचा. हौद्याच्या फळ्या आणि मागचा फालका सुताराकडून करून घ्यायचा. आपल्याकडे सागाचे लाकूड मिळते, आणि हौदा करणारे सुतारही आहेत.

आता चालवणे. जुन्या गिअरबॉक्समध्ये दात आपोआप जुळत नाहीत. ड्रायव्हरला ते जुळवावे लागतात. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून गिअर मोकळा करायचा. क्लच सोडून जरा एक्सिलेटर द्यायचा. पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणतात. चुकले की दात करकर वाजतात. आमचे ड्रायव्हरभाऊ हे पायाने नाही, कानाने करतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. सगळा उतार ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाही.

वेगाचा एक हिशेब ध्यानात ठेवा. समजा, ताशी २० किलोमीटर वेगाने ब्रेक दाबल्यावर ट्रक १० पावलांत थांबला. मग ताशी ४० ने तो २० पावलांत थांबेल काय? नाही. सुमारे ४० पावले लागतील. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. म्हणून पहिली परीक्षा सपाट मैदानात घ्यायची, आजूबाजूला पोरेबाळे नसताना. जुन्या ट्रकाचे दिवे मंद असतात. रात्री तो बाहेर काढू नये.

कागदांचे सांगायचे राहिले. खरे तर ते सर्वांत आधी. भंगारातला ट्रक घेण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक मागा. त्यातला चेसी नंबर चेसीवरच्या नंबराशी अक्षर अक्षर ताडून पाहा. कर थकला आहे काय, नोंदणी रद्द झाली आहे काय, हे आरटीओ कचेरीत विचारा. आता वाचता येते, तर दुसऱ्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. अवजड गाडी चालवायचा परवाना वेगळा असतो, तोही लागेल. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी नियम केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते. पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, डिझेल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. हा नियम दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. आपला ट्रक त्यात बसतो की नाही, हे पैसे खर्च करण्याआधी कचेरीतूनच समजून घ्यावे.

निंबाखालच्या ट्रकाला उठायला दोन हिवाळे लागले. त्याच्या कागदांचे काम अजून चालू आहे. तोवर तो शेताबाहेर जात नाही. दसऱ्याला ड्रायव्हरभाऊ त्याला हार घालतात, हीटर तापवतात, आणि निंबापासून विहिरीपर्यंत नेऊन परत आणतात. मग चाकांखाली मागून-पुढून लाकडी गुटके ठोकतात आणि बॅटरीची तार सोडतात.