नेट बंद झालं तर घरी निरोप कसा पोहोचवायचा?



मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद केलं गेलं. २६ फेब्रुवारी २०२४ ला बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत पुन्हा इंटरनेट बंद. बारावीची परीक्षा तेव्हा चालू होती. आपले जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासा हे तालुके या भागाला लागूनच आहेत. सोयरीक तिकडे, कुणाचं पोरगं शिकायलाही तिकडेच.

अशा वेळी "फोनच बंद केलेत" असं आपण म्हणतो. पण बंद असतं ते बहुधा मोबाइलचं इंटरनेट. व्हॉट्सॲप जात नाही, त्यावरचा कॉलही लागत नाही. साधा कॉल आणि एसएमएस मात्र बहुतेक वेळा चालू असतो. नेमकं काय, कुठे आणि किती वेळ बंद आहे हे सरकारी आदेशात लिहिलेलं असतं. असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलं आहे.

सगळेच एकदम फोन करू लागले की टॉवरवर गर्दी होते, कॉल लागत नाही. तेव्हा एसएमएस पाठवावा. त्याला जागा फार थोडी लागते, आणि समोरच्याला रेंज नसेल तर तो कंपनीकडे थांबून राहतो व रेंज आली की पोहोचतो. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात. फोन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो! "शाळा" ही आपल्याला दोन अक्षरं, फोनला चार. "स्त्री" तर सहा. "मुले शाळेत सुखरूप. ४ ला न्यायला या." हा निरोप ३५ चिन्हांत बसतो. पाचवी-सहावीच्या वर्गात असे निरोप लिहून घ्या, सारांशलेखनाचा सरावही होईल.

खरी अडचण वेगळीच आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे म्हणून आपण पालकांचे नंबर कागदावर ठेवतच नाही. हजेरीपटाच्या मागच्या पानावर प्रत्येक मुलाचे दोन नंबर हवेत, एक घरचा आणि एक शेजारी किंवा मामा-काकांचा. शिक्षकाने पाच पालकांना फोन करायचा, त्यांनी पुढे पाच-पाच जणांना. तीस मुलांच्या वर्गाला एवढं पुरतं. आणि मुलाला एक तरी नंबर तोंडपाठ हवा. पाढे पाठ असतात, पण आईचा नंबर विचारला की पोरं गप्प!

ब्लूटूथवर चालणारी ॲप्सही आहेत. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी फायरचॅट वापरलं होतं. त्यात निरोप एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर उड्या मारत जातो. गर्दीत ते ठीक आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर दोन घरांत अर्ध्या किलोमीटरचं अंतर असतं, तिथे त्याचा भरवसा धरू नये. त्यापेक्षा कुणाकडे लँडलाइन अजून चालू आहे का, ते आजच विचारून ठेवा.