भूक, मेंदू आणि जन्माचा शिक्का

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी प्रात्यक्षिक संपल्यावर मागे थांबला. पन्हाळ्याकडच्या एका वाडीतला, कोल्हापुरात वसतिगृहात राहणारा. पिढ्यान्‌पिढ्यांचा अत्याचार आणि उपासमार जनुकांवर कोरली जाते, ती मुलाबाळांच्या मेंदूत उतरते, असे त्याने कुठेतरी वाचले होते. तो म्हणाला, "सर, म्हंजे आपल्या मेंदूतच मुळात काय तरी कमी असतंय का?"

हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला टाळता येत नाही, आमच्यातल्या शिक्षकाला तर नाहीच. चातुर्वर्ण्याने जे जन्माच्या नावाने सांगितले तेच उद्या प्रयोगशाळेच्या नावाने सांगितले जाणार असेल, तर ती प्रयोगशाळा आपण आतून पाहिली पाहिजे.

डोळ्याच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरी एक पेशी पाहते आणि दुसरी आठवण ठेवते. कारण प्रत्येक पेशीत काही जनुके बोलती असतात आणि बाकीची गप्प बसवलेली. डीएनएवर मिथिल नावाचे लहान रासायनिक गट चिकटले की बहुधा तेथले जनुक गप्प होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांची पकड घट्ट झाली तरी तेच. सैल झाली की जनुक वाचले जाते. अक्षरे तीच राहतात, वाचन बदलते. या वाचनाच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. आपण नवे काही शिकतो तेव्हाही मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशींत ही पकड सैल होऊन काही जनुके कामाला लागतात, प्रथिने तयार होतात आणि पेशींमधले सांधे पक्के होतात. म्हणजे मेंदू हा जन्मताना छापून आलेला ग्रंथ नव्हे.

मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात मायकेल मीनी, मोशे सीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माद्या पिलांना भरपूर चाटतात, काही फार कमी. कमी चाटलेली पिले मोठेपणी भित्री निघतात. ताण आवरणाऱ्या एका जनुकावर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मिथिलच्या खुणा जास्त सापडल्या. मग पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या मादीच्या पोटची पिले भरपूर चाटणाऱ्या मादीकडे वाढली, तेव्हा त्यांच्या खुणाही बदलल्या आणि वागणेही. खूण रक्ताची नव्हती, संगोपनाची होती. मोठ्या झालेल्या उंदरांतही औषधाने ती बदलता आली.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होते. डीएनएवर लागणारे मिथिल गट पुरवण्याच्या कामी हेच जीवनसत्त्व लागते. अशा काही आयांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे, लक्ष टिकवणे, यांत ज्यांच्या आयांना ब१२ फार कमी पडले होते ती मुले मागे होती. जिवंत मुलाचा मेंदू उघडून खुणा मोजता येत नाहीत, तेव्हा यातला मधला दुवा अनुमानाचा आहे. पण आईचे ताट आणि मुलाची स्मृती यांचा संबंध दिसला. ब१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. मांसाहाराने बुद्धी तामसी होते असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखवले.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी आटपाडीकडे खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि मिलो हेच अन्न. तेव्हा माझी आई तिच्या पोटात होती. मुलीच्या गर्भात तिची बीजे आईच्या पोटातच तयार होतात. म्हणजे ज्या बीजापासून मी झालो तेही त्या खडीवर होते. एका भुकेचा स्पर्श तीन पिढ्यांना एकाच वेळी झाला. म्हणून याला अजून वारसा म्हणता येत नाही. वारसा पुढे जातो का हे माझ्या मुलांत पाहावे लागेल, आणि माणसात ते सिद्ध झालेले नाही. बीज आणि गर्भ तयार होताना बहुतेक खुणा पुसल्या जातात. गर्भातल्या भुकेची खूण मात्र सापडली आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका जनुकावर साठ वर्षांनीही भावंडांपेक्षा मिथिल कमी आढळले. त्या डच माणसांना कोणी जन्माने हीन म्हणत नाही.

पुण्याच्याच आणखी एका प्रयोगात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातले, तरी त्यांची मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती सुधारली नाही. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. "दोन पिढ्या सवलती घेतल्या, आता पुरे" असे स्टाफरूममध्ये ऐकले की हा प्रयोग तोंडावर फेकावा असा मोह मला होतो. तो आवरतो. एक तर तो साखरेचा प्रयोग आहे, बुद्धीचा नव्हे. दुसरे, आज आपण "आमच्या जनुकांत जखम आहे" म्हणालो, तर उद्या कोणी म्हणेल, "मग तुमच्याकडून अपेक्षाच कशाला?" जातीला वंशशुद्धीचे शास्त्र चिकटवणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये घेतला आहे. नुकसानभरपाई मागायला अन्यायाचा इतिहास पुरेसा आहे. रक्ताचा दाखला जोडण्याची गरज नाही.

त्या मुलाला मी पिलांची अदलाबदल फळ्यावर काढून दाखवली. याच गावात १९०८ साली शाहू महाराजांच्या आधाराने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, हेही सांगितले. तो बराच वेळ चित्राकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, आमच्या मेसमधली अंडी गेल्या साली बंद केली. अर्ज लिहायचा हाय, शब्द सांगता का?"