पहिलं मत कुणाला?

रत्नागिरीत पहिल्यांदा मतदान करणारी पोरं बहुधा घराच्या कलाने सुरुवात करतात. कित्येक घरांत आजोबांचा धनुष्यबाण ठरलेला, बाकीचे त्यामागून. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं ते चिन्ह शिंदे गटाला दिलं आणि पंचाईत झाली. २० नोव्हेंबर २०२४ला रत्नागिरी विधानसभेत उदय सामंत धनुष्यबाणावर, तर बाळ माने ठाकरे गटाच्या मशालीवर उभे होते. 'आमचं घर शिवसेनेचं' एवढ्याने बटण ठरेना. मग वाडीची बैठक, मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप, रील्स. रील्सवर माझा फारसा भरवसा नाही. राजापूरच्या बारसूतल्या प्रस्तावित रिफायनरीसारखा विषय दारात आला, की मात्र प्रश्न थेट होतो: नोकरी हवी की आंबा-काजूची बाग?

पक्षापलीकडे उमेदवार पाहायचा, तर त्याचं शपथपत्र वाचावं. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण त्यात असतं. आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. कुणीच पटलं नाही तर २०१३पासून 'नोटा' आहेच. अर्थात आधी यादीत नाव हवं. त्यासाठीचा नमुना ६ सतराव्या वर्षीही आगाऊ भरता येतो. मुंबईला नोकरीला गेलेल्यांनी नाव गावी ठेवायचं की तिकडे, हेही ठरवावं. दोन्हीकडे चालत नाही.