पोत्यांवरचा कौल

अमेरिकेच्या १९४८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार ट्रुमन यांचा पराभव जाणकारांनी इतका गृहीत धरला होता, की 'शिकागो ट्रिब्यून'ने मतमोजणी पुरी होण्यापूर्वीच रिपब्लिकन उमेदवार ड्यूई जिंकल्याचा मथळा छापला. परंतु कॅन्सस सिटीच्या एका गिरणीने कोंबडीखाद्याच्या काही पोत्यांवर डेमोक्रॅटिक पक्षाचे गाढव व काहींवर रिपब्लिकन पक्षाचा हत्ती छापून, पसंतीचे पोते उचलण्याची मुभा जेव्हा गिऱ्हाइकांना दिली, तेव्हा गाढवाचीच पोती अधिक खपली. आणि तज्ज्ञांच्या भाकिताशी हा कौल इतका विसंगत ठरला, की गिरणीने सप्टेंबरात ती मोजणीच तहकूब केली. मक्याचे भाव कोसळताना पाहणाऱ्या कास्तकाराचे मन, माझ्या मते, प्रश्नावलीपेक्षा त्या साध्या पोत्यानेच अधिक प्रामाणिकपणे टिपले. जनमत चाचण्या घेणारे गॅलप यांची अखेरची पाहणी ऑक्टोबरच्या मध्यास आटोपली होती, त्यामुळे ज्यांचा निश्चय शेवटच्या पंधरवड्यात झाला ते सामान्य मतदार, आणि त्यांची संख्या उपेक्षणीय नव्हती, हिशेबाबाहेरच राहिले. ट्रुमन यांना ४९.६ व ड्यूई यांना ४५.१ टक्के मते पडली. तथापि ओहायो, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही निसटत्या मताधिक्याची तीन राज्ये फिरली असती, तर अध्यक्षपद ड्यूई यांच्याकडेच गेले असते.